समजून घ्या : चाल माणसाची की यंत्राची? देवगिरीच्या खंडमेरूपासून मोबाइलमधल्या एआयपर्यंत

गणपती जवळ आले की गुहागर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत जाखडीच्या तालमी सुरू होतात. शाहीर शब्द लिहितो आणि मग प्रश्न येतो चालीचा. कधी परंपरेतली जुनी चाल घेतली जाते, कधी गाजलेल्या सिनेगीताची, तर कधी नवी बांधली जाते. ढोलकीवाला ठेका धरतो, दोन-चार वेळा गाडी अडते, एखादा शब्द मागेपुढे होतो आणि चाल बसते.

हेच काम आता फोन करतो. अंजनवेलच्या गोपाळगडावर बसून, नेटवर्क असेल तर, कुणीही एआय अॅपमध्ये दोन ओळी टाकू शकतो : ‘गणपतीचं गाणं, कोकणी लोकसंगीत, ढोलकी, पुरुष आवाज.’ मिनिटाभरात शब्द, चाल, वाद्यं आणि गळा यांच्यासह गाणं तयार.

यावर दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, ‘आता कलाकार संपले.’ दुसरी, ‘काय कमाल आहे!’ दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. नियम वापरून, पायरी-पायरीने संगीत तयार करणं हे काही कालपरवाचं नाही. त्याची एक भक्कम पद्धत सुमारे ८०० वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच लिहिली गेली. ती समजली की आजचं एआय कुठे वेगळं आहे आणि काळजी नेमकी कशाची करायची, हे स्पष्ट होतं.

थोडक्यात :

• १३व्या शतकात देवगिरीत लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात स्वरांच्या सर्व रचना शोधण्याची पद्धत आहे.
• नियमांनी रचना ‘तयार’ होतात. त्यातली कोणती ठेवायची हे मात्र इतके दिवस माणूस ठरवत आला.
• आजचं एआय लिहिलेल्या नियमांवर नाही, तर रेकॉर्ड झालेल्या गाण्यांवर शिकतं. म्हणून ‘कुणाची गाणी, कुणाची परवानगी’ हा आजचा खरा प्रश्न आहे.

अल्गोरिदम म्हणजे नेमकं काय?

ठरलेल्या क्रमाने करायच्या पायऱ्यांची यादी म्हणजे अल्गोरिदम. त्यासाठी संगणक लागतोच असं नाही. तबला किंवा पखवाज शिकणारा मुलगा तिहाई बसवतो, तेव्हा तो अल्गोरिदमच चालवत असतो.

उदाहरण पाहू. तीनतालात १६ मात्रा असतात. समेवर तिहाई सुरू करायची आणि पुढच्याच समेवर शेवटचा ठोका पाडायचा, तर दोन्ही समा धरून १७ मात्रा भराव्या लागतात. तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि मध्ये दोनदा थांबा, म्हणजे ‘दम’ येतो. गणित असं :

३ × तुकडा + २ × दम = १७

पूर्ण मात्रांत याची उत्तरं तीनच निघतात. तुकडा ५ मात्रांचा आणि दम १ मात्रेचा. तुकडा ३ आणि दम ४. किंवा तुकडा १ आणि दम ७. दोन आवर्तनं घेतली तर बेरीज ३३ होते आणि ११ मात्रांचा तुकडा अजिबात न थांबता तीनदा वाजवता येतो. हीच बेदम तिहाई.

हे गणित फोन क्षणात सोडवेल. पण गाणाऱ्याची ओळ कशी संपली, समोर बसलेले लोक कसे ऐकताहेत, हे पाहून तिन्हींपैकी कोणती तिहाई घ्यायची हे वाजवणारा ठरवतो. ‘उत्तरं काढणं’ आणि ‘उत्तर निवडणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. पुढची सगळी गोष्ट या फरकाभोवतीच फिरते.

८०० वर्षांपूर्वी देवगिरीत काय घडलं?

अंजनवेलहून घाट चढून, पार मराठवाड्यात गेलं की देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा किल्ला लागतो. १३व्या शतकात ही यादवांची राजधानी होती. राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. शार्ङ्गदेवाचं काम होतं राज्याचा जमाखर्च पाहणं, म्हणजे तो हिशेब खात्याचा प्रमुख होता.

त्याने लिहिलेला संस्कृत ग्रंथ म्हणजे ‘संगीतरत्नाकर’. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य अशा विषयांवर एकूण सात अध्याय. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा या ग्रंथाला आधार मानतात. पहिल्या अध्यायात हिशेबनिसाला शोभेल असा एक प्रश्न येतो : सात स्वर प्रत्येकी एकदाच वापरायचे, तर त्यांचे किती वेगवेगळे क्रम लागतील?

शाळेत शिकलेल्या गणिताने उत्तर सोपं आहे. ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ५०४०. ग्रंथातही हाच आकडा आहे. सहा स्वरांचे ७२०, पाचांचे १२०, चारांचे २४.

शार्ङ्गदेव आकड्यावर थांबला नाही. त्याने तीन गोष्टी दिल्या. सगळे क्रम एकही न चुकता, एकही दोनदा न येता लिहून काढायची रीत, म्हणजे ‘प्रस्तार’. ‘अमुक क्रमांकाची तान कोणती?’ हे यादी न लिहिताच काढायची रीत, म्हणजे ‘नष्ट’. आणि उलट, ‘ही तान यादीत कितवी?’ हे काढायची रीत, म्हणजे ‘उद्दिष्ट’. आजच्या भाषेत सांगायचं, तर संपूर्ण डेटाबेस न साठवता त्यातली हवी ती नोंद थेट काढणारा प्रोग्रॅम.

खंडमेरू कसा चालतो?

‘नष्ट’ आणि ‘उद्दिष्ट’ यांसाठी एक तक्ता वापरतात. त्याचं नाव खंडमेरू. सात स्वरांऐवजी सा, रे, ग, म हे चारच घेऊन तो पाहू. प्रस्ताराची यादी अशी सुरू होते :

१. सा रे ग म
२. रे सा ग म
३. सा ग रे म
४. ग सा रे म
५. रे ग सा म
६. ग रे सा म
७. सा रे म ग

असं करत २४व्या ओळीत ‘म ग रे सा’ येतं. नीट पाहिलं तर पहिल्या सहा ओळींत शेवटचा स्वर ‘म’ आहे. पुढच्या सहांत तो ‘ग’, मग ‘रे’, मग ‘सा’. शेवटचा स्वर सगळ्यांत सावकाश बदलतो.

आता तक्ता. चौथ्या, म्हणजे शेवटच्या रकान्यात आकडे ०, ६, १२, १८. तिसऱ्यात ०, २, ४. दुसऱ्यात ०, १. पहिल्यात फक्त १. प्रत्येक रकान्यातून एक-एक आकडा उचलून बेरीज केली की तानेचा क्रमांक मिळतो.

समजा, १५वी तान हवी आहे. १५ = १२ + २ + ० + १.

• शेवटच्या रकान्यात १२ हा वरून तिसरा आकडा. म्हणून ‘सा रे ग म’मध्ये मागून तिसरा स्वर घ्या : रे. हा तानेचा शेवटचा स्वर.
• उरले सा, ग, म. तिसऱ्या रकान्यात २ हा दुसरा आकडा. मागून दुसरा स्वर : ग. हा तिसऱ्या जागी.
• उरले सा, म. दुसऱ्या रकान्यात ० हा पहिला आकडा. मागून पहिला : म. हा दुसऱ्या जागी.
• उरला सा. तो पहिल्या जागी.

तान झाली ‘सा म ग रे’. यादी पुढे लिहून ताडून पाहिलं तरी १५व्या ओळीत हीच तान सापडते. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ‘फॅक्टोरियल नंबर सिस्टिम’ या नावाखाली जे शिकतात, ते हेच.

५०४० ताना हाती आल्या म्हणजे संगीत आलं का?

नाही. एक तान गायला चार सेकंद धरले, तर ५०४० ताना गायला ५ तास ३६ मिनिटं लागतील. प्रत्येक तान बिनचूक असेल, पण ती मैफल नसेल.

तरीही ही यादी वाया गेली नाही. गवयांनी ती रियाजाला लावली. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याची ओळखच मुळी ‘खंडमेरू’ किंवा ‘मेरुखंड’ पद्धतीच्या स्वरविस्तारासाठी आहे. अंजनीबाई मालपेकर, अमान अली खाँ ही या घराण्यातली मोठी नावं. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांची संथ गायकीही मेरुखंडासाठीच ओळखली जाते. रियाजात अनेक क्रम घोटायचे आणि मैफलीत त्यांतले मोजकेच गायचे, अशी ही शिस्त आहे.

रागांचंही तेच. संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना हा हिशेब आठवत असेल. एका थाटातून आरोहात सात स्वर घेण्याचा १ मार्ग, सहा घेण्याचे ६ आणि पाच घेण्याचे १५, असे २२ मार्ग. अवरोहाचेही २२. म्हणून २२ × २२ = ४८४ प्रकार. दक्षिणेत व्यंकटमखी यांनी १७व्या शतकात मांडलेले ७२ मेळ धरले तर ७२ × ४८४ = ३४,८४८. मुंबईत वकिली सोडून संगीतशास्त्राला वाहून घेतलेले पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी १० थाट घेतले. त्यांचेच ४,८४० प्रकार होतात. प्रत्यक्षात मैफलीत गायले जाणारे राग काही शेकड्यांत मोजता येतात. बाकीचे गणितात आहेत, गळ्यात नाहीत.

पहिलं ‘संगणकी’ गाणं कधी तयार झालं?

१८४३ मध्ये इंग्लंडच्या एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राविषयी टिपा लिहिल्या. सुरांमधली नाती यंत्राला कळतील अशा चिन्हांत मांडली तर ते कितीही गुंतागुंतीचं संगीत रचू शकेल, असा विचार त्यांत होता. ते यंत्र कधी पूर्ण झालंच नाही.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी ‘इलिअॅक सूट’ ही चार तंतुवाद्यांसाठीची रचना संगणकाकडून करून घेतली. पद्धत सरळ होती. संगणकाने अंदाधुंद स्वर काढायचे आणि नियमात न बसणारे टाकून द्यायचे. रचनेच्या चौथ्या भागात ‘मार्कोव्ह साखळी’ वापरली गेली, म्हणजे आताच्या स्वरानंतर कोणता स्वर येण्याची शक्यता किती, याचा तक्ता. मोबाइलचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, त्याचं हे आजोबा-पणजोबांचं रूप.

रागाचे नियम संगणकाला कसे सांगायचे?

इथे भारतीय संगीताची खरी अडचण येते. भूप आणि देशकार घ्या. दोघांतही तेच पाच स्वर : सा, रे, ग, प, ध. तरी राग दोन. भूपात गंधारावर जोर, देशकारात धैवतावर. कोणत्या स्वरावरून कुठे जायचं, कुठे थांबायचं, हेही निरनिराळं. म्हणजे स्वरांची यादी देऊन भागत नाही, वाटा सांगाव्या लागतात.

अंजनवेलकरांना हे सांगायला नको. समोरच्या काठावर दाभोळ दिसतं, पण गाडी घेऊन जायचं तर आधी धोपावे जेटी गाठायची, तिथे फेरीबोट धरायची आणि मग दाभोळ. कुठल्या ठिकाणाहून पुढे कुठे जाता येतं, याचा नकाशा ठरलेला आहे. संगणकशास्त्रात अशा नकाशाला ‘फायनाइट ऑटोमॅटन’ म्हणतात. गावांच्या जागी स्वर ठेवले की रागाचा नकाशा तयार होतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला राजीव उपाध्ये आणि प्रा. हरी सहस्रबुद्धे यांनी हेच केलं. सहस्रबुद्धे हे आयआयटी कानपूर आणि आयआयटी मुंबईत शिकवलेले संगणकशास्त्रज्ञ. ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका वीणा सहस्रबुद्धे या त्यांच्या पत्नी, त्यामुळे राग घरातच होता. त्यांनी संगीतशास्त्राच्या पुस्तकांतले नियम घेऊन रागांचे असे नकाशे बनवले आणि त्यावरून संगणकाकडून स्वररचना करून घेतल्या. शास्त्राच्या दृष्टीने त्या बरोबर होत्या.

पण पुस्तकातला नियम आणि गळ्यातला राग यांत अंतर असतं. मींड, आंदोलन, स्वराला हळूच स्पर्श करून निघून जाणं, हे ‘सा रे ग’ अशा अक्षरांत मावत नाही. म्हणून पुढचं काम ध्वनिमुद्रणांकडे वळलं. २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालला. आयआयटी मुंबई त्यात सहभागी होती. याच संस्थेत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने भूप–देशकारसारख्या जोड्या घेऊन, गायकांच्या प्रत्यक्ष गाण्यात एकेक स्वर किती वेळ आणि कसा लागतो हे मोजून दोन राग वेगळे कसे ओळखता येतील, यावर संशोधन केलं.

तबल्याच्या उस्तादाने संगणकाला ‘नाही’ म्हटलं तेव्हा

स्वरांच्या नकाशाची गोष्ट पुस्तकातून सुरू झाली, तबल्याची मात्र थेट उस्तादांसमोर. १९८० च्या दशकात जिम किपेन हे लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. फ्रान्सचे संगणक अभियंता बर्नार्ड बेल यांच्यासह त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्रॅम तयार केला. तो अॅपलच्या ‘टू-सी’ या लहान संगणकावर चालत असे.

कायद्याचं, म्हणजे तबल्यातल्या कायदा या रचनाप्रकाराचं व्याकरण त्यात भरलं होतं. कायद्याचे मूळ बोल ठरलेले असतात आणि त्यांच्यातूनच पलटे काढायचे असतात. संगणक नवे पलटे काढायचा. उस्ताद ऐकून सांगायचे, हा चालेल, हा चालणार नाही. जो नाकारला गेला, त्यावरून व्याकरण दुरुस्त व्हायचं.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की यंत्राला शिकवणारा माणूस समोर बसलेला होता. त्याचं नाव माहीत होतं, त्याचं घराणं माहीत होतं. त्याचा होकार-नकार हाच यंत्राचा अभ्यासक्रम होता.

मग आजचं एआय वेगळं कुठे?

‘सुनो’, ‘युडिओ’ यांसारख्या अॅपना कुणी रागाचे किंवा तालाचे नियम लिहून दिलेले नसतात. त्यांना प्रचंड प्रमाणात रेकॉर्ड झालेलं संगीत ऐकवलं जातं. त्या आवाजाचे बारीक तुकडे करून, कोणत्या तुकड्यानंतर कोणता येतो, याचा अंदाज बांधायला यंत्र स्वतःच शिकतं. १९५७ च्या मार्कोव्ह साखळीशी याचं नातं आहे, पण तिथे आधीचा एखादा स्वर पाहिला जायचा, इथे गाण्याचा बराच मोठा भाग, वापरकर्त्याने लिहिलेले शब्द आणि शैली हे सगळं एकत्र पाहिलं जातं.

यातून तीन फरक पडतात.

पहिला, नियम दिसत नाहीत. खंडमेरूत १५वी तान ‘सा म ग रे’ का, हे कागदावर दाखवता येतं. एआयने अमुक चाल का लावली, हे असं पायरी-पायरीने दाखवता येत नाही.

दुसरा, निवडही यंत्रच करतं. पूर्वी यंत्र शक्यता काढायचं आणि माणूस निवडायचा. आता वापरकर्त्यापुढे तयार गाणं येतं. ‘आवडलं’ किंवा ‘पुन्हा बनव’, एवढंच त्याच्या हाती उरतं.

तिसरा, शिकवणारा अनामिक झाला. ज्यांच्या रेकॉर्डिंगवर यंत्र शिकलं, त्यांची नावं गाण्यासोबत येत नाहीत.

गाण्याचा मालक कोण? कायदा काय म्हणतो?

जून २०२४ मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या बड्या संगीत कंपन्यांनी सुनो आणि युडिओवर अमेरिकेत दावे दाखल केले. आमची गाणी परवानगीशिवाय यंत्राला शिकवायला वापरली, हा आरोप होता. २०२५ च्या अखेरीस यातल्या काही दाव्यांत तडजोड होऊन परवान्याचे करार झाले. म्हणजे ज्यांच्याकडे वकील आणि कॅटलॉग आहे, त्यांना वाटाघाटीच्या टेबलावर जागा मिळाली.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकनिर्मित कलाकृतींचा उल्लेख आला. अशा कृतीचा रचनाकार म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती, असं कलम २(डी) म्हणतं. पण निर्माण करवणारी व्यक्ती कोण? अॅपमध्ये दोन ओळी लिहिणारा, की अॅप बनवणारी कंपनी? कलमात हे स्पष्ट केलेलं नाही. ते लिहिलं गेलं तेव्हा असे अॅप नव्हते.

आवाजाबाबत मात्र न्यायालयांनी पावलं उचलली आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने अशाच स्वरूपाचं अंतरिम संरक्षण दिलं. गायकाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे आणि संमतीशिवाय तो वापरता येणार नाही, ही त्यामागची भूमिका.

जाखडीच्या शाहिराचं काय?

हे दोन्ही गायक देशभर नावाजलेले आहेत. वाडीतल्या शाहिराची गोष्ट वेगळी. जाखडी आणि नमनाच्या कित्येक चाली पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आल्या आहेत. त्या कुणी बांधल्या याची नोंद नाही. जिथे मालकाचं नाव नाही, तिथे परवानगी मागायची कुणाकडे आणि मानधन द्यायचं कुणाला?

यात दुसरी बाजूही आहे. जे रेकॉर्ड झालेलं नाही, ते यंत्राला शिकता येत नाही. ‘कोकणी लोकसंगीत’ असं लिहून अॅपकडून येणारं गाणं म्हणजे यंत्राने जे भरपूर ऐकलंय त्यावरून लावलेला अंदाज. त्यात ढोलकीचा आवाज असेल, पण शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात समोरच्याला दिलेला सवाल नसेल आणि नमनातल्या मृदंगाची थापही नसेल. नव्या पिढीच्या कानावर तेवढंच पडत राहिलं, तर काही वर्षांनी तोच ‘कोकणी बाज’ समजला जाईल. गाणं चोरीला जाण्याइतकाच हाही धोका आहे.

यावर एक मराठी उत्तर उपलब्ध आहे. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. त्याचा संगणकीय डेटाबेस उभारण्यात आणि ध्वनिमुद्रणात मोठा वाटा होता बर्नार्ड बेल यांचा. होय, ‘बोल प्रोसेसर’वाले तेच. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या ऐकता येतात आणि तिथे गाणारीचं नाव असतं, तिचं गाव असतं. डेटा यंत्रात गेला, पण बाई त्यातून पुसली गेली नाही.

जाखडी-नमन मंडळांनाही हे जमण्यासारखं आहे. तालमीचं रेकॉर्डिंग करताना सुरुवातीला चार गोष्टी बोलून ठेवायच्या : शाहिराचं नाव, वाडी, तारीख आणि चाल कुणाकडून आली ती माहिती. व्हिडिओ टाकताना हीच माहिती खाली लिहायची. उद्या कुणी ती चाल वापरली, तर ‘ही आमच्याकडची’ असं म्हणायला निदान एक पुरावा हाती राहील.

फोनवर स्वतः करून पाहायचं तर?

एआयला गाणं ‘मागण्या’पेक्षा प्रोग्रॅम लिहून ते ‘बांधणं’ यात निवड आपल्या हातात राहते. त्यासाठी ‘स्ट्रडल’ हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. ते ‘टायडलसायकल्स’ या संगीत-प्रोग्रॅमिंग भाषेवर आधारलेलं आहे आणि या भाषेच्या लेखनपद्धतीवर ‘बोल प्रोसेसर’चा प्रभाव आहे. लखनौच्या तबल्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची कल्पना अशी फिरून मोबाइलपर्यंत आली आहे.

सुरुवात अशी करता येईल :

• अवतरणचिन्हांत ध्वनींची नावं एका ओळीत लिहा. एका आवर्तनाचा वेळ त्या सगळ्यांत समान वाटला जातो.
• दोन ध्वनी चौकोनी कंसात ठेवले की ते एका मात्रेत बसतात. थोडक्यात, दुगुन.
• ध्वनीपुढे कंसात ३ आणि ८ लिहिलं की ८ खणांत ३ ठोके शक्य तितके समान पसरतात : ३ + ३ + २. दोन संख्यांचा मसावि काढण्याची युक्लिडची पद्धत जगभरातले पारंपरिक ठेके तयार करते, हे गॉडफ्रीड तुसाँ या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवलं. त्यातलाच हा एक, क्यूबाच्या संगीतात पदोपदी ऐकू येणारा.

आकडे बदलून पाहा. ५ आणि ८, ७ आणि १६. बरेचसे ठेके नुसतेच बरोबर वाटतील. एखादा ऐकून मात्र पाय आपोआप हलेल. तो ठेवा, बाकीचे खोडा.

शार्ङ्गदेवाच्या यादीतही ५०४० ताना होत्या. गवयांनी त्यांतल्या मोजक्या उचलल्या आणि त्यांचं गाणं झालं. यंत्र आता त्याहून लाखो पटींनी जास्त शक्यता पुढे ठेवतं. त्यांतली कोणती आपली, हे ठरवायचा हक्क वाडीतल्या शाहिराने आणि ढोलकीवाल्याने सोडू नये. आणि ठरवलं की खाली आपलं नाव लिहायला विसरू नये.